रंगाच्या डब्यावरची भेग

माझी धाकटी बहीण तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होती. पट्टी न लावता हातभर लांब सरळ रेघ ओढायची, म्हणून तिला सगळे रेघताई म्हणत. पुढे पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या आणि मालकाने तिला स्टिकर कापायला बसवलं. हात तोच, काम कात्रीचं.

एका प्रकाशकबाईंनी तिने दूधवाल्याच्या पाटीवर काढलेलं मांजर पाहिलं आणि लहान मुलांच्या गोष्टीचं पुस्तक तिच्याकडे दिलं. वीस चित्रं, मुदत चार महिने. वेळेत आणि बरी झाली तर पुढची दोन पुस्तकंही तिलाच. नाही झाली तर पुन्हा कात्री. मालकाने चार महिन्यांची रजा दिली, तीही तोंड वाकडं करून. ती चौपन्न वर्षांची. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, हे तिला कळत होतं, मलाही.

तिच्या घरात टेबलाला जागा नव्हती. आमची मागची खोली रिकामी होती. सकाळी नऊला यायची, सहाला जायची. मी गवंडी. बेचाळीस वर्षं भिंती बांधल्या, आता गुडघ्यांमुळे घरी. घरी बसलेल्या गवंड्याला दुसऱ्याचं काम तपासण्याशिवाय काम नसतं.

पहिल्याच दिवशी मला शंका आली. तिने आधी भिंतीवर वेळापत्रक लावलं. फोनवर कुणी एक गृहस्थ लेखकांना आणि चित्रकारांना उपदेश करतात, त्यांचं ऐकून केलेलं. लवकर उठा, आरशात बघून ‘मी कलाकार आहे’ म्हणा, दर पंचवीस मिनिटांनी थांबा. प्रत्येक तासाला वेगळा रंग.

“छान झालंय,” मी म्हटलं. “पुस्तकासाठी रंग उरलाय ना?”

“दादा, तू तुझे गुडघे सांभाळ.”

महिना गेला. दीड गेला. मी खुणा बघत होतो. काम झालं की घाण होते. गवंडी दिवसभर राबला आणि कपडे कोरे, असं होत नाही. हिच्या ब्रशाच्या भांड्यातलं पाणी पिण्याइतकं स्वच्छ. मी खोलीत गेलो की कागद पालथा.

“वन्संना सरळ विचारा की,” बायको म्हणाली.

“विचारलं की उत्तर मिळतं. खरं कळत नाही.”

“पोलिसात जायला हवं होतं तुम्ही. विटा उगाच वाहिल्या.”

भिंतीला भेग गेली की ती अजून वाढतेय का, हे बघायची आमची एक रीत आहे. भेगेवर प्लास्टरची पातळ चकती बसवायची आणि तारीख लिहायची. भिंत हलत असेल तर चकती तडकते. माणूस खोटं बोलेल, चकती नाही. मी तिच्या रंगाच्या डब्याच्या मागच्या बाजूला, झाकणाच्या सांध्यावर, अंगठ्याएवढी पुट्टी लावली. तारीख टाकली. बहिणीवर पाळत ठेवताना लाज वाटली का? थोडी वाटली. तरी लावली.

आठ दिवस चकती अखंड. नवव्या दिवशी ती गेल्यावर बघितलं तर आरपार भेग. बारीक, सांध्याच्या रेषेवर आडवी, मध्ये एक फाटा फुटलेला. जिवात जीव आला. बायकोला हाक मारली. “डबा उघडलाय. काम सुरू झालं.”

बायकोने चष्मा लावला, चकतीवर बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं झालं होतं. “अहो, ही तडकलेली नाही. ही पेन्सिलीने काढलीय.”

दुसऱ्या दिवशी मी दारातच उभा होतो.

“डबा उघडलास?”

“चकती काय म्हणते?” तिने चपला काढत विचारलं.

“मला फसवायला वेळ आहे, पुस्तकाला नाही! पावणेदोन महिन्यांत किती चित्रं झाली?”

तिने खण ओढला आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मांजर, दार, पायरी. पुन्हा मांजर, दार, पायरी. पहिलंच पान, पेन्सिलीत, चौदा वेळा. एकही वाईट नव्हतं.

“यात काय चुकलंय?”

“माहीत नाही.”

“मग पुन्हा पुन्हा का?”

“पाटी झाली की मालक समोर उभा राहायचा. हं म्हणायचा. मग दुसरी पाटी घ्यायची. इथे हं म्हणायला कुणी नाही, दादा. मग मी तेच पुन्हा काढते.”

कामचुकार नव्हती. तीस वर्षांचं वळण होतं. मी भलत्याच ठिकाणी ओळंबा धरून बसलो होतो.

“चकतीवरची भेग किती वेळा काढलीस?”

“एकदाच.”

“वेळ किती लागला?”

“वहिनीचा चहा होईपर्यंत.”

“हं कोण म्हणालं?”

“कोण म्हणणार? तुझी जिरवायची होती.”

“बेचाळीस वर्षांचा गवंडी फसला त्या भेगेला. बाकीची पानंही तशीच काढ.”

तिने माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. “कौतुक करतोयस की टोमणा मारतोयस?”

“काम सांगतोय.”

सांगितलं ते एवढंच. घर बांधताना एक भिंत छतापर्यंत नेऊन मग दुसरी धरत नाहीत. आधी चारही बाजूंना दोरी, मग सगळीकडे पहिला थर. वीसही पानं आधी पेन्सिलीने कच्ची काढायची. पुढची उभी राहिली की मागच्यातलं काय वाकडं आहे ते आपोआप दिसतं. आणि संध्याकाळी चित्र पुरं करून उठायचं नाही. भिंत अर्धी सोडताना आम्ही कडेच्या विटा एक आत, एक बाहेर अशा ठेवतो. त्यांना दात म्हणतात. उद्याची भिंत त्या दातांत अडकते. सपाट कड सोडली तर सांधा धरत नाही. लिहिणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. पुढचं वाक्य माहीत असताना उठा.

“गवंड्याने चित्रकला शिकवायची आता,” ती म्हणाली.

“चित्रकला नाही. उठायचं कधी, तेवढंच.”

तिने वेळापत्रक काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर वीस चौकोन आखले. पट्टी न लावता.

माझी शंका गेली नाही. सहा वाजून गेले की मी खोलीत डोकावायचो. कधी एका कानाचं मांजर, कधी बिनहँडलचं दार. बघून हात शिवशिवायचे, पण सकाळी ती आली की आरशात न बघता सरळ दुसऱ्या कानाला बसायची. अकरा दिवसांत वीस चौकोन भरले. मग रंग आला. भांड्यातलं पाणी चिखलासारखं झालं, फरशीवर निळे ठिपके पडले. बायको फरशी पुसताना कुरकुरली. मी कुरकुरलो नाही.

मुदतीच्या दिवशी वीस चित्रं गेली. आठवड्याने तीन परत आली, सुधारून द्या म्हणून. मला वाटलं, आता ही बसली चौदा वेळा काढत.

“तीन परत,” ती म्हणाली, “म्हणजे सतरांना हं!” तिन्ही तीन दिवसांत करून दिली.

पुढची दोन्ही पुस्तकं तिलाच मिळाली. तिने मालकाला कात्री परत दिली. मागची खोली अजून तिच्याकडेच आहे. माझी चकती तिने फेकलेली नाही. डब्याच्या झाकणावर अर्धी, डब्यावर अर्धी, तारखेसकट. परवा ती खोलीत नसताना मी जवळ जाऊन बघितली. भेग सरळ होती. तरी बोट फिरवलं.

बोट स्वच्छ राहिलं.

“खरी आहे दादा,” ती मागून म्हणाली. “आणि आता माझ्या उजेडातून बाजूला हो.”