बर्फाच्या पेटीत आरवलेला फोन

शाळेत मी दुसरीपर्यंत होतो, आणि ओहोटीच्या वेळी तेही नव्हतो, कारण ओहोटी लागली की आम्ही सगळी पोरं खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला. त्यामुळे जोडाक्षर आलं की मी आजही जरा थांबतो, बोट ठेवतो, मग पुढे जातो. पण म्हणून मला मोबाईलमधलं कळत नाही असं कुणी म्हणू नये. आमच्या सारसोळे गावात कुणाला नवा फोन घ्यायचा असला की तो दुकानात जायच्या आधी माझ्याकडे यायचा. जेट्टीजवळच्या बाकड्यावर उजवीकडची जागा माझी. तिथे बसून मी बरेच फोन पास केले आणि त्याहून जास्त नापास केले.

फोन तपासायची माझी रीत साधी आहे. आमच्यात मासा घेताना कल्ला उघडून बघतात, अंगावर बोट दाबतात, मग वास घेतात. मी फोनचंही तेच करतो. दुकानातला पोरगा हसतो, त्याला हसू दे. मागचं झाकण दाबून बघितलं की कळतं, आत माल आहे की नुसती हवा. वासाचं म्हणाल तर नव्या फोनला एक वास असतो, आणि दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या फोनचा तो गेलेला असतो. हे कुठल्या बातमीत येत नाही.

बातम्या मी सगळ्या बघतो. पेपरात मोबाईलचा कोपरा असतो तो वाचतो, आणि नातसुनेच्या टॅबवर ती खोकी फोडणारी पोरं बघतो. खोकं फोडतात म्हणजे काय, देव्हारा उघडल्यासारखं हळूहळू उघडतात. आत बघावं तर फोन आणि एक वायर. चार्जर नाही! पर्यावरण वाचवायला काढला म्हणे. उद्या मी कुणाला होडी विकली आणि झाडं वाचवायला वल्ही देत नाही म्हणालो तर मला खाडीत ढकलतील. पण इथे सगळे टाळ्या वाजवतात. मागे कॅमेरे तरी किती! तीन, चार, वर एक दिवा. चिंबोरीला दोन डोळ्यांत सगळी खाडी दिसते, यांना एवढे लावूनही जेवणाच्या ताटाचाच फोटो काढायचा असतो.

आणि आता घडीचा फोन. चादरीसारखा दुमडायचा. मी म्हणतो, जी वस्तू दुमडते ती एक दिवस दुमडते तिथेच फाटते. जाळं बघा, छत्री बघा, माझा गुडघा बघा.

बाकड्यावर डावीकडे बसतात ते साहेब. मोठ्या बँकेतून रिटायर झालेले, मूळचे देशावरचे, आता पामबीच रस्त्याच्या पलीकडच्या सोसायटीत राहतात. सकाळी फिरायला येतात आणि फिरायचं सोडून बसतात. त्यांच्याकडे महागातला फोन, त्याला चामड्याचं पाकीट. इंग्रजी बातम्या वाचतात आणि मला मराठीत करून सांगतात, त्यात अर्ध्या त्यांच्या मनाच्या असतात असा माझा संशय आहे. मी हो म्हटलं की ते नाही म्हणणार. ते नाही म्हणाले की मला हो म्हणावंच लागतं. आमची दोस्ती घट्ट आहे ती यामुळेच.

तर झालं असं, की आमच्या मंडळींचा, म्हणजे बायकोचा, फोन गेला. मंडळी नेरुळच्या बाजारात मासे विकतात. पण आता विकणं निम्मं बाजारात आणि निम्मं फोनवर. सकाळी जेट्टीवर होडी लागली की ती म्हावऱ्याचा फोटो काढते आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकते. मग मॅडम लोक लिहितात, जिताडा मला ठेवा, कोळंबी सोलून ठेवा. फोन बंद म्हणजे तिचा अर्धा बाजार बंद.

"साहेबांना इचारून घेते," ती म्हणाली.

"कशाला? घरात मी काय मेलोय?"

"तुमी वास घेता फोनचा. दुकानवाले हसतात मना."

हे मला लागलं. गावाला सांगणारा मी, आणि माझ्याच घरात फोन परक्याला विचारून यायचा? मी त्याच दिवशी तिला दुकानात घेऊन गेलो. एक विचार मी पक्का केला होता. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन नको. जन्मभर मासे कापून तिची बोटं अशी गुळगुळीत झालीत, वर ओली, वर खवलं चिकटलेली, की जुना फोन तिला ओळखायचाच नाही. स्वतःच्या फोनने तिला दहा जणांसमोर परत पाठवायचं म्हणजे काय! हे फोन बनवणाऱ्यांनी आयुष्यात एक बांगडा साफ केलेला नाही. मी तिला मोठ्या बॅटरीचा, जाड, दणकट, रेघ ओढून उघडणारा फोन घेऊन दिला. दाबून बघितला, वास घेतला, पास केला. बाजारातल्या गलक्यात ऐकू जावी म्हणून रिंगही मीच लावली, कोंबड्याची बांग. तशी बांग आमच्या गावात आता खऱ्या कोंबड्याचीही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाकड्यावरच फोन उलटासुलटा केला आणि तोंड वाकडं केलं.

"आबा, हा घेतलात? अहो, हा तापतो. बातमी आलीय."

"बातमी वाचणारे तापतात. फोन नाय तापत."

"उन्हात तापून बंद पडतो, लोकांनी तक्रारी केल्यात."

"ते लोक घरात एसीत बसणारे. त्यांना चहा पन गरम लागतो."

मंडळी टोपली घेऊन मागेच उभी होती. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "तापला तर पुढचा फोन साहेब सांगतील तो. नाय तापला तर तुमी सांगाल तो. बस."

साहेब हसले. मीही हसलो, पण माझं हसणं आतून नव्हतं.

आणि मग मे महिना आला. मे महिन्यात जेट्टीवर ऊन असं असतं की होडीचं डांबर पातळ होतं. त्या सकाळी मंडळींनी फोटो काढले, फोन माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला वर गेल्या. फोन हातात घेतला तर भाकरीच्या तव्यासारखा. पडद्यावर पिवळी खूण आणि खाली काहीतरी लिहिलेलं. जोडाक्षरं बरीच होती, पण अर्थ कळायला वाचावं लागत नव्हतं.

तिकडून साहेब येताना दिसले. पांढरी टोपी, हातात त्यांचा चामड्याचा फोन, चेहऱ्यावर नवी बातमी.

आता मी काय करणार? पन्नास वर्षं खाडीवर काढलेला माणूस गरम झालेल्या वस्तूचं काय करतो? बर्फात घालतो. म्हावरं तापलं तर बर्फ, इंजिन तापलं तर त्यावर पाणी, जावई तापला तर थंड सरबत. समोर मंडळींची थर्माकोलची पेटी उघडीच होती. फोन मी दोन पिशव्यांत घातला, तोंडाला गाठ मारली, खाली बर्फाचा चुरा, मधे फोन, वर चुरा, वर चार पापलेटं. पापलेट लावतात तसाच, नीट, डोकं एका बाजूला करून. विचार असा होता की साहेब गेले की काढू.

पण साहेब गेले नाहीत. ते घडीच्या फोनची बातमी घेऊन आले होते. आता म्हणे तीनदा दुमडणारा निघालाय.

"तीनदा?" मी म्हणालो. "मग तो फोन नाय, पापड झाला."

"अहो, इंजिनियरिंग आहे ते!"

"माझ्या गुडघ्यात पन इंजिनियरिंगच होतं."

यावर ते चिडले, मग मी चिडलो, मग आम्ही दोघं बिजागरी या विषयावर बोलत बसलो. दाराची, होडीच्या सुकाणूची, माणसाच्या कोपराची. मान वळवून बघतो तर पेटी जाग्यावर नाही. मंडळी पेटी रिक्षात घालून बाजाराला गेलेल्या.

मी उठलो. "कुठे निघालात?" साहेब म्हणाले.

"बाजारात."

"अरे वा, चला, मलाही मासे घ्यायचेत."

या माणसाला नेमके आजच मासे घ्यायचे होते. रिक्षात पूर्ण रस्ता ते मला बिजागरीचं समजावत होते आणि मी मनात म्हणत होतो, चार पापलेटं विकली जायच्या आत पोचू दे.

बाजारात मंडळी ओट्यावर बसल्या होत्या आणि कनवटीपासून टोपलीखालच्या गोणपाटापर्यंत सगळं उलटंपालटं करत होत्या. समोर दोन मॅडम उभ्या.

"आवं, माजा फोन कुठं हाय? तुमच्या हातात दिलेला मी!"

"घरी... चार्जिंगला लावलाय."

"घरी? तुमी जेट्टीवरून घरी कधी गेलता?"

मी ओट्यावरचा एक बांगडा उचलून त्याचा कल्ला बघायला लागलो. पण साहेबांकडे नेहमीच उत्तर असतं. "वहिनी, थांबा, मी रिंग देतो. कुठे पडला असेल तर कळेल."

"नको!" मी म्हणालो. "तुमचा बॅलन्स कशाला घालवता!"

"अहो आबा, कुठल्या जमान्यात आहात!" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पेटीत कोंबडा आरवला.

पहिल्या मॅडम एक पाऊल मागे गेल्या. शेजारच्या ओट्यावरच्या बाईने सुरा वर धरला तो तसाच राहिला. कोंबडा पुन्हा आरवला, जरा घुसमटलेला, बर्फातून आल्यासारखा.

"मावशी," दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चिकन पण ठेवता?"

"जित्ता ठेवते वाटतं," शेजारीण म्हणाली, आणि सगळ्या ओट्यांवर हसू पसरलं.

मंडळींनी एक एक पापलेट बाजूला काढलं, चुरा हाताने सारला आणि कोंबड्याची पिशवी वर काढली. तिने गाठ बघितली. माझी गाठ ती ओळखते, जाळ्याला मी तशीच मारायचो. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी आधीच बोललो. कोर्टात पहिला बोलतो त्याचं ऐकतात असं मी ऐकलंय. "साहेब, हात लावा फोनला. लावा ना. तापलाय का?"

साहेबांनी हात लावला. "अहो, गारठलाय!"

"मग हरलात."

"नाय तापला?" मंडळी म्हणाल्या. "मग बर्फात कशाला निजवलात त्याला? गारवा खायला?"

"म्हावऱ्याबरोबर राहून त्याला सवय व्हावी म्हणून," मी म्हणालो. हे मला त्या क्षणी खरंच पटलं होतं, आजही थोडंफार पटतं.

ओटे पुन्हा हसले. साहेबांनी मात्र न्यायाधीशासारखी टोपी सारखी केली. "वहिनी, ठरल्याप्रमाणे पुढचा फोन मी सांगणार. थांबा, नवीन एक आलाय, त्याची बातमी दाखवतो." त्यांनी चामड्याचं पाकीट उघडलं, बोट फिरवलं. काही होईना. पुन्हा फिरवलं. सकाळपासून जेट्टीवरच्या उन्हात घडीच्या बिजागऱ्या दाखवून दाखवून तो बिचारा दमला होता. पडद्यावर तशीच पिवळी खूण आली, फक्त लिहिलेलं इंग्रजीत होतं. मग पडदा काळा झाला.

माझ्या आयुष्यात एवढं गप्प मी फार कमी वेळा राहिलोय, आणि त्याचं कुणी कौतुकही केलं नाही.

मंडळींनी साहेबांच्या हातातून फोन घेतला, चामड्याचं पाकीट काढून त्यांना परत दिलं, फोन पिशवीत घातला, गाठ मारली आणि पेटीत ठेवून दिला. डोकं एका बाजूला करून.

"निजू द्या घटकाभर," ती म्हणाली. "आनि दोघांनी ऐका. पुढचा फोन मी माजा बघेन. तुमी दोघं तिकडं बाकड्यावर बसून एकमेकांना इका फोन."

मग ती मॅडमकडे वळली. "हां, बोला, पापलेट देऊ? ताजं हाय, आताच बर्फातनं काढलंय. तुमीच बघितलंत."

साहेब आणि मी पेटीशेजारी उभे राहिलो. त्यांचा फोन थंड होईपर्यंत जायचं कुठे? त्यांनी विचारलं, "किती वेळ ठेवतात?" मी सांगितलं, "कल्ला लाल दिसेपर्यंत." त्यांनी मान डोलावली. बँकेतला माणूस, पण शिकायची तयारी आहे.

आमच्या फोनच्या कॅमेऱ्यात मात्र आत वाफ गेली ती एका कोपऱ्यात राहिली. सगळ्या फोटोंना धुकं येतं. मी मनात म्हटलं, आता हा फोन भंगारात आणि माझं नाव त्याच्याबरोबर. पण सोसायटीच्या ग्रुपवर एका मॅडमने लिहिलं की आजकाल मासे किती फ्रेश दिसतात, अगदी पहाटेच्या समुद्रातून काढल्यासारखे. दुसरीने जिताडा मागितला, तिसरीने तोच जिताडा मागितला. तेव्हापासून मंडळी तो फोन बदलायचं नावच काढत नाहीत. म्हणजे फोन चांगला. म्हणजे निवड कुणाची? पण हे मी घरात म्हणत नाही, बाकड्यावर म्हणतो.

घरात माझ्याकडे बर्फाचं काम आलंय. सकाळी चुरा मी आणतो, पेटी मी भरतो. मंडळी रिक्षात बसायच्या आधी पेटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपतात आणि साऱ्या जेट्टीला ऐकू जाईल असं विचारतात, "आज कोनाला निजवलंय का?"

डावीकडून साहेब हळूच म्हणतात, "माझा आहे, वहिनी. जपून."