खालाची गेरूची रेघ

हसनाबादला आमच्या शेजारच्या खालाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायची बंदी होती. तुम्ही येतो म्हणालात की दुखणंही परत येतं, असं तिचं म्हणणं. मागे वळून बघायचं नाही. आभार तर मुळीच नाहीत. कुणी चहापत्तीचा पुडा आणला तरी ती रागवायची.

खाला नागीण उतरवायची. अंगावर फोडांची रांग उठून आग पेटली की लोक दवाखान्याआधी तिच्या ओट्यावर. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, म्हणून ती दोन्हींच्या मधे गेरूची रेघ ओढायची आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची.

दहावीत मला नागीण झाली, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांची माफी मागून मोकळा झालो होतो. खालाने माझ्या शर्टावरचा तेलाचा डाग हेरला. रेघ ओढता ओढता म्हणाली, "मरनारा मानूस इतकी भजी खात न्हाई, बाबू."

ही विद्या पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषाला द्यायची, अशी रीत. तिला ती सासऱ्याकडून आलेली. तिच्या पोराला लाज वाटायची, म्हणून नजर माझ्यावर. मी जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. नागीण विषाणूमुळे होते असं फळ्यावर लिहिणाऱ्याने गेरू कसा हातात घ्यायचा? "दिवाळीच्या सुट्टीत बघू," असं मी सात-आठ दिवाळ्या म्हणत राहिलो.

गेल्या वर्षी तिच्याच मानेवर नागीण उठली. स्वतःवर ही विद्या चालत नाही. तिचा निरोप आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. पाचव्या दिवशी गेलो आणि मोठ्या शहाणपणाने तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, उशीर झाला. गोळ्यांनी फोड वाळले, आग राहिली. मानेला पदर लागला तरी ती कळवळायची. जेवण सुटलं.

शेवटी मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो. खालाने पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली आणि थांबली.

"पुढचं गेलं रे, बाबू. जल्दी यायला पायजे होतं."

मी शब्दांवाचूनच रेघ ओढली. हात बराबर हाय, म्हणाली. आग तशीच होती.

उठताना माझ्या तोंडून निघून गेलं, "खाला, येतो."

तिने भिंतीकडे तोंड केलं. "येतो म्हनू न्हाई. इतकं तरी याद ठेव."

आठवड्याने तिच्या पोराचा फोन आला.

कब्रस्तानातून लोक निघाले, तसा मीही निघालो. काही बोललो नाही. मागे वळून बघितलं नाही. तिच्या विद्येतलं मला तेवढंच येतं.