बाबांच्या डोंग्याच्या बॅटऱ्या

आष्टीच्या बाजारात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ट्रॅक्टरवाले, इन्व्हर्टरवाले, लग्नात डीजे लावणारे, सगळे माझ्यापुढं बॅटरी आणून ठेवतात आणि मी 'गेली' म्हटलं की गपगुमान मान डोलावतात. अख्ख्या तालुक्यात माझं ऐकत नाही असा एकच माणूस आहे, आणि तो माझा बाप आहे.

आमचं घर भोयांचं. धरणाचं पाणी मागं पसरलं तेव्हापासून बाबा त्यात डोंगा, म्हणजे आपली लहान होडी, घालतात, जाळं टाकतात. मध्यंतरी काठावरच्या चिखलात पडले आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. वल्हं मारणं संपलं. माय म्हणाली, आता पाणी पुरे. बाबा धड जेवेनात, कुणाशी बोलेनात. शेवटी मीच डोंग्याला विजेवर चालणारी लहान मोटर बसवून दिली आणि तिला दोन बॅटऱ्या. मायनं मात्र अट घातली.

"ह्या बॅटऱ्या हायेत तोवर जा. ह्या बसल्या का डोंगा इकून टाकाचा."

बाबा 'हो' म्हणाले आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. कारण त्यांच्या लेखी त्या बॅटऱ्या कधी बसल्याच नाहीत!

बॅटरी बदलायची वेळ झाली हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. रात्रभर चार्जिंगला लावूनही मोटर सुरू करताच व्होल्टेज धाडकन पडतं. भरलेलं पाणी बघता बघता आटतं. डबा दोन्ही कुशींनी फुगतो. हे सगळं बाबांच्या बॅटऱ्यांना केव्हाच झालं होतं. पण बाबांची तपासणी वेगळी. पक्कड आडवी धरून दोन्ही टोकांना टेकवायची, ठिणगी उडाली की निकाल जाहीर, "जिती हाय!" मी घसा फोडून सांगायचो, बाबा, अखेरच्या घटका मोजणारी बॅटरीसुद्धा ठिणगी मारते, ती मोटर ओढत नाही, आणि एखाद्या दिवशी ती तोंडावर फुटेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"तुले दुकान चालवाचं हाय, म्हून तू सगळ्याईच्या बॅटऱ्या मेल्या म्हनतं."

थंडीत ते बॅटऱ्यांना अंगणात ऊन दाखवायचे. टोकांवर आलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायचे. डावीकडची उजवीकडं, उजवीकडची डावीकडं करायचे. माय ओट्यावरून हे सगळं पाहायची.

एकदा तर कमाल झाली. डोंग्यात वाकून पाहतो तर एका बॅटरीवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू आणि दुसरीवर त्याचा ठिपकाही नाही. दुकानामागं गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेल्या बॅटऱ्यांचा ढीग असतो. त्यातून त्याच रंगाची एक उचलून बाबांनी गुपचूप आपल्या मेलेलीच्या जागी बसवली होती. म्हणजे दुसऱ्याची मेलेली! मी कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, हे काऊन केलं?"

"नवी थोडी आनली? जुनीच हाय ना!"

अट मोडली नाही म्हणून वर चेहऱ्यावर समाधान. अशा माणसाशी काय बोलावं?

मग एका बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असताना मायचा फोन आला. बाबा दुपार टळली तरी परतले नव्हते आणि वारा सुटला होता. मी शटर अर्धं ओढून निघालो. काठावर पोचलो तेव्हा माय आधीच तिथं येऊन उभी होती. डोंगा लांब, पाण्याच्या मधोमध, आडवा झालेला. मोटर बंद. बाबा डाव्या हातानं वल्हं मारत होते आणि डोंगा जागच्या जागी गोल फिरत होता. बाबांनी पोहायचं म्हटलं तरी एका हातानं किती पोहणार? मी काठावरून शिव्या घालत होतो, बॅटऱ्यांना, बाबांना, त्या पक्कडीलाही. शेवटी पलीकडच्या गावचा एक भोई आपला डोंगा घेऊन गेला आणि दोर बांधून त्यांना ओढत घेऊन आला.

आम्ही घरी आलो. आता माय बोलेल, चांगली खरडपट्टी काढेल, असं मला वाटत होतं. तिनं त्यांना कोरडे कपडे दिले, चहा दिला आणि माझ्याकडं वळली.

"दुकानातून दोनी नव्या आन. चांगल्या आन."

"आन् तुयी अट?" मी विचारलं.

"मायी अट पाळता पाळता मरून राह्यले ना ते."

मला एवढा राग आला होता की मी लगेच उठलो. दोन्ही नव्या आजच बसवतो, म्हटलं, कटकट मिटू दे एकदाची. तेवढ्यात बाबा बोलले. कपाकडं पाहतच.

"नको आनू. बसल्या त्या."

हे ऐकायला मी किती डोकं फोडलं होतं! आणि आता ऐकलं तर दाराकडं निघालेला मी मागं वळलो.

"आज मले पान्याचं भेव लागलं," बाबा म्हणाले. "कधी नाई लागलं, आज लागलं. इकून टाक डोंगा."

माय पदर तोंडाला लावून आत गेली. बाबांचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "बाबा, घाई नका करू. पानी टाकून एकडाव चार्जिंगले लावून पायतो. एखादी अजून चालंन."