ओव्हिदियोच्या पायावरची चुणी

कार्पी गावात विणकाम करणाऱ्या बायका पुष्कळ, पण आर्जियाच्या स्वेटरवर चुणी दाखवायची कोणाची छाती नव्हती. सत्तरीतही तिचं यंत्र गॅरेजमध्ये खडखडत असायचं आणि नजर गल्लीतल्या प्रत्येकाच्या कॉलरवर असायची.

नवरा ओव्हिदियो पक्का नाचरा. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला, तेव्हापासून जत्रेत तो बाकावर बसून नुसत्या टाळ्या वाजवी. आर्जियाला ते बघवत नसे. यंदा त्याला पोल्काच्या तालावर नाचवायचंच, असं तिने मनावर घेतलं.

कृत्रिम पाय बनवणारा तित्सियानो म्हणाला, "मावशी, उरलेला पाय ज्यात बसतो ना, तो पेला विणलेल्या कापडाचाच असतो. काचेच्या धाग्याची नळी साच्यावर चढवायची, वरून राळ ओतायची. वाळली की टणक!"

"मग कापड मी विणणार," आर्जियाने जाहीर करून टाकलं.

विणलं झकास. पण साच्यावर चढवताना हातांची जन्माची खोड जाईना. वर ओढ, खाली ओढ, एक चुणी म्हणून राहू दिली नाही. पेला कसा गुळगुळीत झाला! ओव्हिदियोने नवा पाय चढवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली आणि पेल्याच्या काठाशी कट्टकन आवाज आला.

"लग्न झाल्यापासून मलाही अशीच ओढत आलीयस," तो खुर्चीत बसत म्हणाला. "राहू दे. मी आपला टाळ्या वाजवतो."

आर्जियाला रडूच कोसळलं.

तित्सियानोने तडा उजेडात धरला. "काठाशी टाके ताणून पार जाळी झालीय. धागा कमी, राळच जास्त. नुसती राळ कशी टिकणार? मावशी, कापड सैल सोडा, गोळा होऊ द्या."

"गोळा? चुण्या पडतील रे!"

"पडू देत एखादी."

दुसऱ्या पेल्याच्या काठाशी चांगली ठसठशीत चुणी पडली. आर्जियाने मनावर दगड ठेवून ती तशीच राहू दिली.

जत्रेत अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं. ओव्हिदियो बाकाला चिकटलेलाच. "मोडला तर?"

आर्जियाने वाकून, सगळ्यांदेखत, त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पुरीसारखा तळलेला न्योको खात बसलेली शेजारीण झेलिंदा ओरडलीच, "अगं बाई! चुणी? आणि तुझ्या कामात?"

"माझीच आहे. नीट बघून घे. तिच्याच जिवावर हा नाचणार आहे."

या वेळी तिने त्याला ओढलं नाही. नुसता हात पुढे करून उभी राहिली. ओव्हिदियो उठला, आणि बाजा थांबेपर्यंत खाली बसला नाही.