चकतीवाले सर

चकतीवाले सर इतके भित्रे होते की लांबून डीजेच्या लेसरची वरात येताना दिसली तरी रस्त्याकडे पाठ करून उभे राहत. रोह्याच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस असा दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभा, म्हणून लोक हसायचे. सरांना त्याची लाज नव्हती. मला म्हणायचे, "लेसरला भ्यायचं गो. जो भीत नाय, त्याला तो कळलाच नाय."

मी पेणला लग्नांचं, मिरवणुकांचं शूटिंग करते. डोलवीच्या एका हळदीत डीजेच्या गाडीवरचा हिरवा लेसर कॅमेऱ्यात शिरला आणि तेव्हापासून प्रत्येक चित्रावर आडवी रेघ उमटायला लागली. सर लेसरवर काही उपाय शोधताहेत असं ऐकून कॅमेरा घेऊन रोह्याला त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी तो हातातही घेतला नाही. त्या वेळी तू कुठे बघत होतीस, हेच तीनदा विचारलं. तोवर मला कॅमेऱ्याचंच दुःख होतं. परतताना निडी स्टेशन आलं तेव्हा कुठे कळलं, तो लेसर माझ्या डोळ्यातही शिरला असता.

त्यांची ती चकती काचेची. एका जुन्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत कोरून पाठवलेली, कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवलेली. कॅमेऱ्याच्या भिंगामुळे लेसर टाचणीच्या टोकाएवढ्या जागी गोळा होतो आणि ती जागा जाळतो. भिंगापुढे चकती बसवली की तिच्यावरच्या बारीक नक्षीमुळे तेच तेज पांगतं. चित्रही सगळं पुसट होतं, पण चकती ते कसं पांगवते हे ठाऊक असल्यामुळे सरांचा संगणक नंतर ते पुन्हा जुळवून देई.

विसर्जनाच्या मिरवणुकीत चकती लावून बघायचं ठरलं. संध्याकाळी पेणच्या नाक्यावर सर माझ्या मागे, डीजेच्या गाडीकडे पाठ करून उभे राहिले. डोकं कॅमेऱ्याच्या वर काढायचं नाही, असं त्यांनी दहादा बजावलं होतं. पण स्क्रीनवर नुसतं धुकं. आमच्या धंद्याची खोडच वाईट, स्क्रीनवर दिसेना की आम्ही मान वर करून उघड्या डोळ्यांनी बघतो. मी तेच केलं. गणपतीमागच्या गाडीवरून निघालेली हिरवी रेघ लोकांच्या डोक्यांवरून सरकत आमच्याकडे आली. मी तिच्याकडे बघतच राहिले. मी स्क्रीनकडेच बघतेय ना, हे पाहायला सर वळले असावेत. एकदम पुढे आले आणि त्यांचा घामेजलेला तळवा माझ्या डोळ्यांवर बसला. "खाली बघ," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी रोह्याला त्यांच्या घरी चित्र जुळवलं. कॅमेऱ्याला ओरखडा नव्हता. माणसांचे चेहरे, मधोमध गणपती, सगळं लख्ख. मी आनंदाने काही बोलणार तोच सरांनी मला एकेक डोळा झाकून बघायला लावलं. माझा हात डोळ्यापर्यंत जाईना, इतकी मी घाबरले होते. पण दोन्ही डोळ्यांनी मूर्ती सोंडेसकट दिसली. सरांनी केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला.

"आता तुम्ही," मी म्हटलं.

ते चहाचं विचारायला लागले. मी हलले नाही. मग त्यांनी डावा डोळा झाकला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"कडेची माणसं दिसतात," ते म्हणाले. "मधला गणपती नाय दिसत गो."