बोट घरी, अंगठी गुजरीत

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमच्या दुकानात अंगठ्यांच्या काउंटरला एक खालचा ड्रॉवर आहे. त्यात सोनं नाही. त्यात दोरे, कागदाच्या पट्ट्या, लोकरीचा तुकडा, रबरबँड, एका बाटलीचं टोपण असला सगळा पसारा आहे. लोकांनी घरून आणलेली मापं! चौदा वर्षं मी या काउंटरला उभी आहे. दर दिवाळीनंतर ड्रॉवर रिकामा करते आणि लग्नसराई संपेपर्यंत तो परत भरतो. मापं फेकून देता येतात, पण त्यांच्याबरोबर आलेले किस्से कुठं टाकणार?

खरं तर काम दोन मिनिटांचं. फोनवर मी सगळ्यांना एकच सांगते. कागदाची बारीक पट्टी कापा, बोटाला गुंडाळा, टोक मिळतं तिथं पेनानं खूण करा, पट्टी सरळ करून मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून चाळीस वजा करा. आला आमचा नंबर! पण सांगितलं तसं केलं तर तो कोल्हापूरकर कसला?

*

शिरोळच्या एका गिऱ्हाइकानं माप म्हणून बायकोच्या बोटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. नुसतं बोट, मागं ट्रॅक्टरचं चाक. मी कळवलं, "फोटोवरून माप समजत नाही."

पाच मिनिटांत दुसरा फोटो आला. आता स्क्रीनभर बोटच बोट! पाठोपाठ फोन.

"आता दिसलं काय ओ ताई? झूम करून काढलाय!"

"अहो दादा, झूम केलं की बोट मोठंच दिसणार."

ते म्हणाले, "बरं, मागं सरकून काढतो. किती फुटावनं काढू, तेवढं सांगा!"

*

एका सूनबाईला सासूच्या एकसष्टीला गुपचूप अंगठी द्यायची होती. सासूचं बोट मागायची सोय नव्हती. मग तिनं भाजी निवडताना सासूच्या बोटाशी जुळेल असं गाजर हेरलं. बरोबर जिथं जुळतं तिथं सुरीनं खूण करून गाजर पिशवीत घालून आणलं. मला हसू आलं, पण खरं सांगते, डोकं चांगलं होतं. मी गाजराला चिठ्ठी बांधली, काउंटरवर ठेवलं आणि जेवायला गेले.

परत आले तर चिठ्ठी आहे, गाजर नाही.

आमचे मालक मिशा पुसत म्हणाले, "कुणाचं हुतं ते? चांगलं गोड हुतं की!"

*

पन्हाळ्याच्या एका गुरुजींनी मात्र सगळं शिस्तीत केलं. पट्टी, खूण, मिलिमीटर, वजाबाकी, सगळं वहीच्या कागदावर मांडून आणलं. अंगठी तशीच केली. आठवड्यानं परत आले. अंगठी बोटात जाईना.

विचारलं तर कळलं, माप घेतलं होतं थंडीत, पहाटे फिरायला जाताना. गारठ्यानं बोट आक्रसलेलं! दुपारी मोजायचं असतं हे सांगायचं मीच विसरले होते.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बसते, तशी बसते. पण फक्त साडेसहा ते सात. शाळा अकराची असते हो."

*

एका पैलवानाला वाटलं, कागद-बिगद कशाला, घरात नटबोल्टचा डबा आहे. एकेक नट बोटात घालून बघितला. चौथा बरोबर बसला. इतका बरोबर, की निघेना! साबण झाला, तेल झालं, वहिनींनी ओढून झालं. शेवटी पैलवान नटासकट दुकानात हजर. बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं.

आमच्या कारागिरानं बोटाला घट्ट दोरा गुंडाळत गुंडाळत अर्ध्या तासानं तो नट उतरवला. पैलवानाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तोच.

"माप पक्कं झालं. ह्याच मापाची करा. फकस्त निघणारी करा!"

*

झोपलेल्या बायकोचं माप घेणारे नवरे आमच्याकडं पुष्कळ येतात. असेच एक बँकेतले साहेब. रविवारी दुपारी बायको आडवी झाल्यावर दोऱ्यानं माप घेऊन आले होते. मला म्हणाले, "तीनदा मोजलंय, पण तिला पत्ता नाही." मोठ्या रुबाबात सांगितलं!

अंगठी न्यायला दोघं आले. अंगठी चपखल बसली. साहेबांनी माझ्याकडं बघून मिशीत हसून घेतलं. वहिनी अंगठीकडं बघत म्हणाल्या, "बसंल की. तीन खेपा मी बोट सरळ धरून पडले हुते. ह्यांचा हात एवढा थरथरत हुता, शेवटी घोरायचं सोंग केलं, तवा कुठं दोरा गुंडाळला!"

*

मापात मात्र सगळ्यांना मागं टाकलं ते एका टर्नरनं. एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस. बायकोच्या बोटाचं माप घेऊन त्यानं स्टीलची अंगठीच लेथवर कातून आणली. काठ घासलेले, आतून गुळगुळीत. आमच्या मापाच्या कांडीवर घातली तर बरोबर रेघेवर थांबली. मी चौदा वर्षांत असं माप बघितलं नाही. तशीच सोन्याची करून दिली, नेताना स्टीलचीही घेऊन गेला.

महिन्याभरानं त्याची बायको झुमके बघायला आली. बोटात स्टीलची अंगठी!

"अगं, सोन्याची कुठं आहे?"

"कपाटात हाय. ती तुमी केलीसा न्हवं. ही ह्यांनी केलीया."

*

आता गेल्या अधिक महिन्यातला किस्सा. धोंड्याच्या महिन्यात आमच्याकडं सासऱ्यांची रांग असते. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, जावयाला वाण द्यायचं, ऐपत असेल त्यानं अंगठी घालायची. महिना संपायला दोन दिवस असताना गडहिंग्लजचे एक गृहस्थ आले. साठी उलटलेली, तिकडं कापडाचं दुकान.

"जावयाला अंगठी पायजे. तयार असंल ती द्या."

"देते की. माप?"

"न्हाय."

"बरं, अंगानं कसे आहेत? जाड, बारीक?"

"म्हाईत न्हाय. बगितलेलं न्हाय."

शेजारच्या काउंटरवरची मुलगी वजन करता करता थांबली. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मुलीनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न केलं. हे गेले नाहीत, नंतर बोललेही नाहीत. मागचा धोंडा तसाच गेला.

"ह्या खेपंला मंडळींनी बजावलंय. म्हणती, पुढचा धोंडा बगाय आपण असू का नसू. अंगठी घेऊनच पोरीच्या दारात जायचं."

"मग काकूंना विचारा. त्यांना माप माहीत असेल."

"तिला म्हाईत हाय. सांगत न्हाय! म्हणती, तुमी सवता तोंडानं इचारा."

मी कागदावर सगळं लिहून दिलं. पट्टी, खूण, मिलिमीटर. त्यांनी घडी करून खिशात घातलं, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तुमीच फोन लावा की, ताई. दुकानचं म्हणून."

मुलीचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी स्पीकरवर लावला. उचलला जावयानं.

"नमस्कार, गुजरीतून बोलतेय. तुमच्या सासऱ्यांकडून तुम्हाला सोन्याची अंगठी आहे, फक्त बोटाचं माप..."

"मला सासरं न्हाईत," तिकडून आवाज आला. "आन् आता ओटीपी मागशीला. सायबरला कंप्लेंट करीन!"

फोन कट! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, गेला हाही धोंडा.

मग त्या गृहस्थांनी स्वतःचा फोन काढला. एकेक आकडा दाबला. एका रिंगमध्ये मुलीनं उचलला. यांनी ना हॅलो म्हटलं, ना नाव घेतलं.

"आत्ता फोन आलता, त्यो फ्रॉड न्हवता. मी गुजरीत हाय. पावण्यास्नी म्हणावं, बोट मोजा."

फोन कट झाला का म्हणून त्यांनी तो कानापासून काढून बघितला. तेवढ्यात मुलीचा आवाज अख्ख्या दुकानात ऐकू आला.

"अण्णा, तितंच थांबा! बोटच घिऊन येतो आमी. राजारामपुरीतनं पाच मिण्टात!"

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"पाच मिण्टात नगो," ते म्हणाले. "पावण्यास्नी म्हणावं, गाडी हळू चालवा."