वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ढग

कारंज्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मी स्वतःला कलाकार समजतो, गाव मला बॅनरवाला म्हणतं. हा धंदा मुख्यतः दोन गोष्टींवर चालतो, वाढदिवस आणि मयत. दोन्हीकडे फोटो बहुतेक तोच असतो, फरक फक्त मागच्या बॅकग्राउंडचा. वाढदिवसाला लाल-पिवळं, ठिणग्या, मुकुट, आणि गिऱ्हाईक जरा वजनदार असलं तर डरकाळी फोडणारा सिंह. श्रद्धांजलीला निळं आभाळ, ढग, वरून उतरणारे किरण. मजकूर कोण वाचतो हो! लोक बॅकग्राउंड पाहूनच काय ते समजतात.

कॉम्प्युटरमध्ये आयते मिळणारे ब्रश मी वापरत नाही, हा माझा माज. बाबांच्या वावरातला फुलकोबीचा गड्डा काळ्या कापडावर ठेवून मी फोटो काढला आणि त्याचा ब्रश बनवला. कॉम्प्युटरवर तो फिरवला की थरावर थर, मऊ मऊ ढग उमटत जातात. तालुक्यातली कितीतरी माणसं माझ्या कोबीतून स्वर्गात गेली. बाबांना मोठ्या हौसेनं दाखवलं तर म्हणाले, "भाजी आहे ते. खा." झालं कौतुक!

बाबांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. त्यांना सख्खा भाऊ एकच, सेवाग्रामला राहतो. वावरातल्या सामाईक विहिरीवरच्या मोटरची पाळी कोणाची, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं झाली. ती मोटर केव्हाच जळाली, तिच्या जागी दुसरी आली, अबोला मात्र जुनाच चालू आहे. बाबा काकाचं नावही काढत नाहीत. फक्त दर सणाला जेवायला बसले की दाराकडे पाहत राहतात. आईनं विचारलं तर म्हणतात, "माशा येऊन राह्यल्या."

मला वाटलं, साठीचा मोठा फ्लेक्स चौकात लावावा. त्याचा फोटो नात्यात फिरेल, काका पाहील, विरघळेल. पण बापाच्या मागे सिंह कसा लावायचा? मी म्हटलं, काहीतरी सात्त्विक करू. ढगांचा ब्रश फिरवला, वरून किरण सोडले. इतकं सुंदर झालं की माझाच मला गहिवर आला. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' खाली, नम्रपणे, बारीक अक्षरात. तेवढाच भाग सकाळी चौकातल्या रसवंतीवाल्याच्या छत्रीमागे गेला.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. आठ वाजता भाजीबाजारातले चौघं खांद्यावर दुपट्टे टाकून आमच्या दारात. त्यातल्या एकानं खाली मान घालूनच विचारलं, "किती वाजता काढून राह्यले?"

दार बाबांनीच उघडलं होतं. हातात चहाचा कप.

"कोनाले?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात मावशी रडत आली, बाबांना पाहून किंचाळली, मग हसली, मग तिनं मला धरून हाणलं. आईनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी लाजेनं मेलो होतो. शिडी घेऊन फ्लेक्स उतरवायला निघालो, तेव्हा मावशी म्हणाली, "अगं बाई! मी तं सेवाग्रामलेही फोन केलता, फ्लेक्सचा फोटोही धाडलता. गेले म्हून सांगतलं त्याईले. थांबा, आता खरं काय ते सांगते."

"नको करू फोन," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अन् तू थे शिडी ठेव खाली."

"काऊन?"

"ठेव म्हन्लं ना!"

त्यांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. जो कोणी भेटायला येईल त्याला चहा. सगळे हसत होते, बाबाही हसत होते. सेवाग्रामहून यायला फार तर दोन तास. दहा वाजले, बारा वाजले. दुपारचं जेवण त्यांनी तिथंच ताट मागवून केलं. चार वाजेपर्यंत अर्धं गाव येऊन गेलं, ज्यांच्याशी धड ओळख नव्हती तेही आले. काका आला नाही. फोनही नाही. मला इतका संताप आला की वाटलं, जाऊन त्याची गचांडी धरावी.

पाचच्या सुमारास बाबा दुकानात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले.

"थे माहा फोटो उघड बरं."

मी उघडला. त्यांनी फोटोतल्या गळ्यावर बोट ठेवलं.

"याले हार नाई."

"बाबा, वाढदिवसाचा आहे ना तो."

"म्हूनच त्याले खरं वाटलं नसंल. हार टाक, अन् मोबाईलवर धाड त्याले."

माझ्याकडे झेंडूच्या हाराचा ब्रश आहे. एकदा ओढला की बरोबर फोटोच्या गळ्यात पडतो, मिनिटभराचं काम. मी माऊस बाजूला सारला.

"नाई होत तसं, बाबा."

"काऊन नाई होत?" ते म्हणाले. "लोकाइच्या बापाले तं टाकतं तू."